माशाच्या पोटातली हवा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत होतो. प्रयोगशाळेमागे सिमेंटची टाकी होती. तिच्यात आम्ही कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचो. तो पाण्यातल्या वस्तूवर आपटून परतला की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच्या हिरव्या रेषेवर उंचवटा उठायचा. परतायला किती वेळ लागला त्यावरून वस्तूचं अंतर कळायचं, उंचवट्यावरून तिनं किती आवाज माघारी धाडला ते. पितळी पट्टी, लोखंडी गोळा, लाकूड, सगळं मोजून झालं होतं.

जिवंत वस्तूचा प्रतिध्वनी कसा येतो, असं एका मुलीनं विचारलं. ती जयसिंगपूरच्या जैन व्यापाऱ्याची मुलगी. तिच्यासोबत प्रयोग करणाऱ्या मुलाच्या वडिलांचं मासळीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी तो बादलीतून जिवंत रोहू घेऊन आला, सोबत साफ केलेल्या मासळीचा एक तुकडाही.

मी आधी अंदाज विचारला. तो म्हणाला, "सर, मासा म्हंजे निम्मं पाणीच की. काय दिसायचं न्हाय." मलाही तसंच वाटत होतं. तुकडा पाण्यात सोडला. रेषा जेमतेम हलली.

मग पातळ जाळीत घालून रोहू सोडला. तो आवाजाच्या वाटेत आडवा होताच रेषा ताडकन उभी राहिली. मी बटणं तपासली, जोडण्या पाहिल्या. सगळं ठीक होतं. मासा वळला की उंचवटा खाली बसे, आडवा झाला की पुन्हा उठे.

शेवटी तो मुलगाच हळूच म्हणाला, की माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, साफ करताना वडील तो काढून टाकतात. मग मला उलगडलं. पाण्यातून हवेला भिडलेला आवाज जवळजवळ सगळा परत फिरतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. आज ते माझ्यासमोर पोहत होतं.

"म्हणजे सर, आपण त्याच्या आतलं बघतोय?" मुलीनं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

तिनं माशाचं पुढं काय करणार म्हणून विचारलं. मुलानं बादली उचलली. संध्याकाळी आम्ही तिघं रंकाळा तलावावर गेलो. पायरीवर बसून तिनं बादली हळूच कलती केली. मासा क्षणभर थांबला, मग खोल गेला. तो दिसेनासा झाला तरी आम्ही कितीतरी वेळ पाण्याकडे बघत होतो.