टीव्हीतल्या दारावरचे दोन राघू

आमच्या सासूबाईंनी जन्मात एकही मालिका पाहिली नाही. त्या फक्त मालिकेतलं घर पाहत.

त्याला कारण होतं. अमडापुरात आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तो आमचा, काळापांढरा, दोन लाकडी दारांचा. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या ओसरीवर येऊन बसायची. मालिका हिंदी, त्यात नवरा, बायको आणि सासू. पंधरा मिनिटं हसवायची आणि शेवटी डोळ्याला पदर लावायला लावायची. त्यातला नवरा ऊठसूट सिनेमातल्या हिरोंच्या नकला करी, कधी मान वाकडी, कधी कॉलर उभी, आणि पोरं हसून लोळायची. सासूबाईंनी टॉकीजची पायरी कधी चढलेली नव्हती.

"काऊन हासून राह्यले बे?" त्या विचारत.

"काकू, तो त्या पिच्चरमधल्यासारखा बोलला ना!"

"कोनत्या पिच्चरमधल्या?"

मग त्या पिक्चरची गोष्ट सुरू होई आणि तोवर इकडे मालिका संपून जाई! शेवटी सासूबाईंनी हिरोचा नाद सोडला आणि हिरोच्या मागं काय काय आहे ते पाहायला घेतलं. "कोपऱ्यातलं जाळं काढलं नाई." "कॅलेंडर मागच्याच महिन्याचं." "माठावर झाकन नाई, अन् ओठाले लाली मोठी!" त्या घराची एवढी काळजी त्यातल्या नटीनंही घेतली नसेल.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. रुखवतात मी काचेच्या नळ्यांचं तोरण ठेवलं होतं. दोन राघू समोरासमोर, मध्ये आंब्याची डहाळी. सगळं मीच केलेलं. (गाठी आईनं मारल्या. बरं, एक राघूही तिचाच. पण दुसरा माझा!) सासूबाईंनी ते पुढच्या दारावर लावलं आणि आल्यागेल्याला दाखवलं, "आमच्या सूनबाईनं आपल्या मनानं काढलं!" सबंध गल्लीत माझी जी काही पत होती, ती त्या दोन पाखरांवर होती.

एका गुरुवारी तो नवरा कॉलर उभी करून बायकोभोवती गिरक्या घेत होता, ओसरी खिदळत होती, आणि सासूबाई ताडकन उठल्या.

"त्याले म्हना, बाजूले सरक!"

आश्चर्य म्हणजे तो सरकला. त्याच्या मागच्या दारावर दोन राघू, समोरासमोर, मध्ये डहाळी!

ओसरीवरची सगळी डोकी आधी टीव्हीकडे गेली, मग आमच्या दाराकडे, मग माझ्याकडे.

"सूनबाई, हे तिथं काऊन वं?"

"मले काय मालूम, आत्याबाई? दुसऱ्या कोनी केलं असंन."

"दुसऱ्या कोनी? तूच त म्हनलं होतं, तुह्या मनानं काढलं म्हून!"

म्हटलं होतं खरं. (नवी सून आणखी काय सांगणार? नळ्यांच्या पुडीवर चित्र छापलेलं असतं आणि तीच पुडी साऱ्या मुलखात विकली जाते, हे?) मी चहा टाकायला आत पळाले. सासूबाई गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्या की घरातली मांजरसुद्धा दबकून चालायची.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी सहज विचारलं, "तुहा भाऊ मुंबईले काय करते म्हनलं?"

"रंगाच्या कंपनीत हाय, आत्याबाई."

"कायच्या रंगाच्या?"

"भिंतीच्या."

"कोनाच्या भिंतीच्या?"

मालिका मुंबईत बनते, हे त्यांना गल्लीतल्या पोरांनी सांगितलेलं होतं. त्या "हं" म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

पुढच्या गुरुवारी कहर झाला. मालिकेतल्या सासूनं कप आपटला आणि ती कडाडली, "बहू, ये चाय है कि शरबत?" एवढी हिंदी आमच्या सासूबाईंना येत होती. आणि नेमकं हेच वाक्य, कपाच्या आपटण्यासकट, त्यांनी मला त्याच आठवड्यात ऐकवलं होतं!

"आधी तोरन गेलं, आता बोलनं चाललं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्या घरातलं समदं तिकडं जाऊन राह्यलं."

"माय, टीव्हीतून आपल्याले कोनी पाहत नसते," आमचे हे म्हणाले.

"तू नको शिकवू. तूबी तिचाच."

त्या दिवसापासून घर बदललं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बंडीवर सदरा घालून बसू लागले. सासूबाई ओसरीवर मोठ्यानं म्हणत, "वा सूनबाई, काय चहा केला वं!" आणि लगेच माझ्या कानाशी येऊन, "कोमट हाय." मीही मोठ्यानं "तुमचीच शिकवन, आत्याबाई!" म्हणायची आणि आत जाऊन चरफडायची. इतकं प्रेमानं आम्ही आधी कधी वागलो नव्हतो आणि एकमेकींचा इतका संशयही कधी घेतला नव्हता.

अशात आखजी आली, म्हणजे अक्षय्यतृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण. लग्नानंतरची माझी पहिली आखजी! दिवाळीला सासूबाई आजारी पडल्यानं माझं माहेर हुकलं होतं. तिकडं माहेरी, वडनेर भोलजीला, निंबाला झोके बांधून झाले होते, मैत्रिणी सासरहून येऊन पोचल्या होत्या, आणि मला आईची इतकी आठवण येत होती की तिच्या त्या एका राघूकडे पाहूनही रडू यायचं. दादा खास रजा काढून मला न्यायला आला. तो नेमका गुरुवारी!

सासूबाईंनी त्याची पिशवी हातात घेऊन तोलली. "जड हाय."

"मिठाई हाय, मावशी."

"हाव. असंन."

संध्याकाळी त्याला मुद्दाम टीव्हीच्या समोर, सगळ्यांच्या मध्ये बसवलं. मालिका सुरू झाली. नवरा आला, दार दिसलं, आणि दारावर काहीच नव्हतं. राघू नाहीत, डहाळी नाही!

मी मनात देवाला हात जोडले. सुटलो एकदाचे!

"पाह्यलं?" सासूबाई उभ्या राहिल्या. "हा इकडं आला, अन् तिकडं तोरन गायब!"

"मावशी, मी तं—"

"तुम्ही काई बोलू नका जी. जे बोलसान ते पुढच्या गुरुवारी येईन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "जोवर खरं समजत नाई, तोवर तू कुठं जात नाई."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लटकं नाही, अगदी हुंदके देऊन. बाहेर दादा मान खाली घालून बसला होता आणि आमचे हे अँटेना सारखी करायच्या निमित्तानं माळवदावर पळाले होते.

तेवढ्यात मामाजींचा आवाज आला. मालिका चालू असताना शेंगा फोडण्यापलीकडे त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"नको पाठवू," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी दिसंनच."

"काय दिसंन?"

"आखजी. समद्या पोरी झोक्यावर, अन् एक सून घरात रडून राह्यली. बाहेर सासू बसली. कोनतं लुगडं नेसतं तेवढं ठरवून ठेव."

ओसरीवरची सगळी डोकी सासूबाईंकडे वळली. सासूबाईंनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि पदर सारखा केला.

सकाळी मला नवं लुगडं मिळालं. कुरडया मिळाल्या, शेवया मिळाल्या, पापड मिळाले. निघताना सासूबाई दादाच्या तोंडासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि (तिकडच्या लोकांना सोपं जावं म्हणून) हिंदीत म्हणाल्या, "हमारी बहू हमकू बेटी सरीखी है!"

माहेरी मी आठवडाभर झोक्यावरून उतरलेच नाही. आईच्या हातचं खाल्लं, मैत्रिणींना सासूबाईंची नक्कल करून दाखवली, पोट धरधरून हसवलं. गुरुवारी शेजारच्यांच्या टीव्हीसमोर बसूनही माझं तेच चाललं होतं. आणि मालिकेतल्या स्वयंपाकघरात फळीवर मला एक पितळी डबा दिसला. पोटाला पोचा, एका बाजूची कडी तुटलेली.

माझं हसू थांबलं. हा तर आत्याबाईंचा शेवयांचा डबा!

"दादा," मी म्हटलं, "अमडापूरले तू सैपाकघरात पानी प्यायले गेला होता ना?"

"हाव. काऊन?"

"एकटाच?"

दादानं मला नीट पाहून घेतलं आणि आईला म्हणाला, "हिची पिशवी भर."

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला अमडापूरला आणून सोडलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"आत्याबाई, डबा!"

"मीबी पाह्यला! रातभर त्याच्यापाशी बसून होती मी."

"म्हंजे जागेवरच हाय?"

"आता हाय. मालिका चालू होती, तवा मी ओसरीवर होती. तवा कुठं होता?"

दादानं कपाळाला हात लावला. "मावशी, मालिका चालू होती तवा मी वडनेरले होतो! हिच्या शेजारी बसून! इचारा हिले!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुष्कळ विचार केला. सख्खा भाऊ होता हो, पण खोटं कसं बोलू?

"माझं ध्यान डब्यावर होतं, आत्याबाई," मी म्हटलं. "दादाकडं कोन पाहत होतं!"