वझलवारसाहेब आणि बेसचं रीडिंग

जीपमध्ये बसले की वझलवारसाहेब गुरुत्वमापक यंत्र मांडीवर घेत. खड्डा आला की स्वतः आदळत, यंत्राला आदळू देत नसत.

नागपूरहून बदलीवर भोपाळला आलेला हा माणूस. वहिनी तिथल्या मोठ्या कारखान्याच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून क्वार्टर कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्यात. भोपाळपासून दिवसभराच्या वाटेवर जमिनीत एक गोल, बशीसारखा खोलगट भाग होता. तो उल्का आदळूनच झालाय, अशी त्यांची खात्री. तसं असेल तर खालचा खडक चुरलेला, हलका; मधोमध गुरुत्व किंचित कमी भरायला हवं. निवृत्तीआधी तेवढं सिद्ध करायचं होतं त्यांना.

यंत्रातली स्प्रिंग दिवसभरात सैलावते. म्हणून दर दोन तासांनी पहिल्या ठिकाणी, बेसवर, परत जाऊन रीडिंग घ्यायचं. मी त्यांचा मदतनीस; कुरकुरलो की म्हणत, "स्प्रिंग थकते बावा. तिले विचारल्याबिगर पुढं नाही जायचं."

मोजणीच्या शेवटच्या दिवशी त्यांना ताप भरला. दुपारी म्हणाले, "बेसवर तेवढं तू जाऊन ये." ऊन मी म्हणत होतं. वाटेत जीप सणकून आदळली. यंत्र मागच्या सीटवर सुटंच होतं. मी बेसपर्यंत गेलोच नाही. मोहाच्या झाडाखाली तासभर पडलो, अंदाजाने एक आकडा वहीत लिहिला आणि परतलो. लाज सोडाच, मला ती हुशारी वाटली.

नंतर मधल्या भागाची मोजणी साहेबांनी अंगात ताप घेऊन केली. संध्याकाळचं बेसचं रीडिंग मात्र माझ्या आकड्याशी जुळेना. म्हणजे यंत्राला धक्का बसला तो दुपारनंतर, त्यांच्या हाती असताना, असं वही सांगत होती. नेमका कधी ते कळेना, म्हणून सगळे आकडे बाद.

भोपाळला मोठे साहेब हसले, "वझलवार जी, अब हाथ काँपने लगे हैं क्या?" पुन्हा मोजणीला परवानगी मिळाली नाही. बाहेर आल्यावर वझलवारसाहेब मला म्हणाले, "तापात माझ्याच हातून झालं असंल रे." त्यानंतर त्यांनी यंत्राला हात लावला नाही. धक्का मधल्या मोजणीच्या आधीच, माझ्या हाती असताना बसला, एवढं एक वाक्य मी बोललो असतो, तर ते आकडे तेव्हाही सुधारता आले असते.

निरोप समारंभात ते म्हणाले, "या पोराचा हात स्थिर आहे. याच्या आकड्यावर डोळे मिटून सही करा." टाळ्या पडल्या. मी पाया पडलो.

पुढे ते आनंद नगरात राहिले, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. नऊ वर्षं. दर दिवाळीला मी जायचो, फराळ करून यायचो. गेल्या वर्षी ते गेले. पहिला खांदा मी दिला.