मेंढरांच्या राखणीला ब्राझीलची बाई

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. ब्राझीलच्या एका जॅझ गायिकेच्या अल्बमची माझी एकुलती एक सीडी आज ओझरच्या शेतात, मेंढरांच्या कुंपणापाशी सापडली!

गेल्या आठवड्यात बिबट्यानं कोकरू नेलं. तेव्हापासून माणसाचा आवाज हवा म्हणून तात्या, म्हणजे माझे वडील, रात्रभर तीच लावतात.

मी चिडलोच. "तात्या, भजनाची लावा की!"

"लावली व्हती. मी बी म्हणत बसतो अन् जागाच ऱ्हातो. हिचं काय कळत न्हाई, मंग झोप लागती."

सीडी खिशात घालून निघालो, पण जुन्नरच्या स्टँडवरून परत फिरलो आणि ती प्लेअरमध्ये ठेवून आलो.

आता अंधार पडतोय. सीडीवर ओरखडा आहे, पाचव्या गाण्यावर ती कधीकधी बंद पडते. आज पडली, तर आधी कोणाला कळेल? तात्यांना, की बिबट्याला?