दोनशे सतरा नंबरची नळी

आमच्या संस्थेत त्यांना सगळे ‘उणे ऐंशी ताई’ म्हणायचे. तळमजल्यावर रक्ताचे नमुने ठेवायची खोली आहे. तिथले चार मोठे फ्रीझर उणे ऐंशी अंशांवर चालतात, आणि चारांच्याही किल्ल्या ताईंच्या कमरेला. नाव त्यांना आवडायचं. “तापट म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं,” म्हणायच्या.

मी वरच्या मजल्यावरचा कारकून. संशोधनासाठी अनुदान मागणारे अर्ज मी टाईप करतो. बावीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे डॉक्टर नसूनही थोडंफार कळतं. ताईंवर काय गुदरलं ते समजायचं तर आधी हे काम काय होतं ते सांगायला हवं.

कंपवाताचा रोगी दारात येतो तेव्हा त्याच्या मेंदूतलं निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं. आमच्या डॉक्टर मॅडमना रक्तात एक प्रथिन सापडलं होतं. आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी ते वाढत असावं, असा त्यांचा कयास. ते ‘असावं’ जाऊन तिथं ‘आहे’ यायचं तर शेकडो धडधाकट माणसांचं रक्त घ्यायचं, दरवर्षी त्यांना तपासायचं आणि कोण आजारी पडतं याची वाट बघत बसायचं. नव्या शोधाला पैसे मिळतात. त्याच्या पडताळणीला देताना सगळ्यांचा हात आखडतो. मॅडम म्हणायच्या, “लग्नाला गाव लोटतो, संसाराला कुणी येत नाही.”

ताईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांची अक्षरं बारीक व्हायला लागली. पाटीच्या सुरुवातीला वीतभर, शेवटाला बोटभर. दुकानदारांना वाटायचं, म्हाताऱ्याचा जागेचा अंदाज चुकतोय. मग हात थरथरायला लागला, मग पाय उचलेना, मग चेहऱ्यावरचं हसू गेलं. नऊ वर्षं ताईंनी त्यांना चमच्यानं भरवलं. म्हणून अभ्यासासाठी निरोगी माणसं हवीत असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा ताईंनी सगळ्यांत आधी बाही वर केली. नंबर चिठ्ठ्या टाकून दिले, त्यात त्यांचा पडला दोनशे सतरा.

रक्तातला आकडा कुणालाच सांगायचा नाही, असा नियम होता. त्याचा अर्थ अजून कुणालाच ठाऊक नव्हता, तर सांगणार काय? कागदावर नावं नसायची, नुसते नंबर. पण स्वतःच्या नळीवर नंबर ताईंनीच चिकटवलेला. तीन वर्षं त्यांनी निकालांच्या तक्त्यातल्या आपल्या ओळीकडे पाहिलं नाही. एकदा निकालांचा तक्ता आणि नळ्या यांचा मेळ बसेना, तेव्हा एकेका ओळीवर बोट ठेवून जुळवायची वेळ आली. आठ, अकरा, नऊ, बारा. आणि दोनशे सतरासमोर चौतीस.

त्यांनी तक्ता पूर्ण जुळवला. सही केली. मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि नळ सोडून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हे मला त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून ताईंच्या अंगात भीती मुक्कामाला आली. सकाळी तोंड धुताना त्या साबण हुंगायच्या, कारण या आजारात वास आधी जातो. वास आला की हायसं वाटायचं, आणि पाच मिनिटांनी शंका यायची, काल यापेक्षा जास्त येत होता का? फ्रीझरच्या वहीतल्या जुन्या नोंदी काढून त्या पट्टीनं स्वतःचं अक्षर मोजायच्या. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायच्या. भीतीनं हात थरथरायचा, आणि हात थरथरला म्हणून आणखी भीती.

त्यांचे यजमान चष्म्याच्या काचा घासतात. माणूस अबोल, पण नजर तेज. एकदा म्हणाले, “सारखी काय हुंगतेस? ससा झालीस का?” ताई एरवी हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेल्या.

अशात अनुदानाची मुदत संपत आली. मुदतवाढीचा अर्ज मी टाईप करत होतो. पैसे देणाऱ्या मंडळाची समिती पाहणीला येणार होती. एका दुपारी ताई जिना चढून माझ्या टेबलाशी आल्या.

“पैसे नाही मिळाले, तर नमुन्यांचं काय करतील?”

“फ्रीझर बंद करतील. नमुने नियमाप्रमाणे जाळून टाकतील.”

“आणि मिळाले तर?”

“तर चारेक वर्षांत कळेल, आकडा खरं बोलतो की खोटं.”

त्या खुर्चीत बसून राहिल्या. मला वाटलं नोकरीची काळजी असेल, म्हणून मी म्हटलं, “ताई, तुम्हाला कुणी काढत नाही. किल्ल्या कुठल्या ते दुसऱ्या कुणाला कळणारसुद्धा नाही.” त्या उठून गेल्या. माझ्या थट्टेची मला अजून लाज वाटते.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात, भर अकरा वाजता, ताईंनी तिसरा फ्रीझर उघडला आणि दोनशे सतरा नंबरची नळी बाहेर काढली. दार लावलं. नळी हातमोज्यावर ठेवून उभ्या राहिल्या. रक्तद्रव एकदा वितळला की नमुना बाद, आणि नमुना बाद झाला की त्याचा आकडाही तक्त्यातून जाणार. शेकडो नळ्यांत एक खराब निघाली तर कोण विचारणार? नळीवरचं पांढरं हिम विरलं, नंबर स्वच्छ दिसायला लागला, आतला बर्फ कडेनं सुटला. तेवढ्यात त्यांना समोरच्या रांगा दिसल्या. एवढी माणसं दरवर्षी उपाशीपोटी येऊन हात पुढे करून गेली होती. त्यातल्या कितीकांना त्यांनी स्वतः “काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं” म्हटलं होतं. त्यांनी नळी फ्रीझरमध्ये वेगळी ठेवली आणि तशाच हातमोज्यांनिशी मॅडमच्या खोलीत गेल्या.

“मॅडम, दोनशे सतरा मी आहे. मी आकडा पाहिलाय. आणि आत्ता माझी नळी खराब केलीय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “मी तुम्हाला धीर दिला तर तो खोटा ठरेल. घाबरवलं तर तेही खोटंच. मलाच माहीत नाही हो.”

“मग मी काय करू?”

“घरी सांगा. एकटीनं ओढू नका हे.”

त्या नमुन्याच्या आणखी दोन नळ्या होत्या, म्हणून अभ्यासाचं नुकसान टळलं. पण संशोधन नियमानं चालतं का हे बघणारी संस्थेची नीतिमत्ता समिती असते, तिला मॅडमना हे लेखी कळवावं लागलं. निकालांचे तक्ते ताईंकडून काढून घेतले. पाहणीला येणाऱ्यांनाही सांगणं भाग होतं. आता ताईंना दुसरीच भीती लागली, आपल्यापायी सगळ्यांच्या कामावर पाणी पडतंय की काय.

त्या संध्याकाळी त्या घरी न जाता थेट यजमानांच्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. सगळं ऐकून होईपर्यंत यजमानांचं घासायचं यंत्र फिरतच होतं. मग त्यांनी ते बंद केलं. “पाच महिने?” एवढंच विचारलं. “पाच महिने तू हे एकटी घेऊन फिरतेयस आणि मी तुला ससा म्हणालो.”

पाहणीच्या दिवशी पाच जण आले. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत तळमजल्यावर उतरले. ताईंनी फ्रीझर दाखवले, वही दाखवली. गृहस्थ म्हणाले, “तुमच्याबद्दल वाचलं मी. मला एक सांगा. आम्ही पैसे इथेच थांबवले तर बिघडतं काय?”

ताई म्हणाल्या, “साहेब, माझ्याकडे एक आकडा आहे. त्याचा अर्थ सांगणारं कुणी नाही. तुम्ही पैसे थांबवलेत म्हणून आकडा जाणार नाही. अर्थ तेवढा जाईल.”

“आणि अर्थ वाईट निघाला तर?”

“घाबरेन. आताही घाबरलेलीच आहे. पण कशाला घाबरतेय ते तरी कळेल.”

गृहस्थांनी मान हलवली आणि दुसऱ्या फ्रीझरकडे वळले. त्यांच्या मनात काय होतं ते कळलं नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मागितलं होतं त्याच्या निम्मं अनुदान, चार वर्षांसाठी. सोबत ताकीद, नमुन्यांची व्यवस्था कडक करा. दोन फ्रीझर बंद करून नमुने दाटीवाटीनं उरलेल्या दोनांत बसवले. ताई दरवर्षी तपासणीला येत राहिल्या. अंगठा आणि बोट टिचकीसारखं भराभर जुळवायचं, सरळ रेषेत चालायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. तपासणी व्हायच्या आधी आठ दिवस त्यांना अन्न जायचं नाही. झाल्यावर आठ दिवस झोप काढून आल्यासारख्या ताज्या दिसायच्या.

चार वर्षांनी हिशेब लागला. आकडा जास्त असलेली एक्केचाळीस माणसं होती. त्यांतली सतरा आजारी पडली, चोवीस अजून पडलेली नाहीत. मॅडमच्या मते प्रथिन खरं बोलतं, पण अर्धवट बोलतं. केव्हा, ते सांगत नाही. ताई चोवीसांत आहेत. आज त्या त्रेपन्न वर्षांच्या आहेत. लेकीला त्यांनी सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली आणि मग आईवरच चिडली, आधी का नाही बोललीस म्हणून.

आता जास्त आकड्याच्या माणसांवर एका औषधाची चाचणी सुरू होतेय. तिचा अर्जही मीच टाईप केला. संमतीपत्र घेऊन ताई माझ्याकडे आल्या.

“खरं सांगा, लागू पडेल?”

“ताई, तेच तर बघायचंय.”

“पुन्हा तेच,” म्हणाल्या, आणि कागद घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सही करून आणला.

येत्या मंगळवारी पहिलं इंजेक्शन आहे. काल जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, सकाळपासून तीनदा साबण हुंगलाय. मी म्हटलं, सोबत येऊ का?

“नको,” म्हणाल्या, “हे येतायत. दुकान बंद ठेवणार आहेत.”