तांबडा दगड आणि अळणी पाणी

सोसायटीत मला ‘दगडवाल्या मॅडम’ म्हणतात. कुणाच्या बाथरूमची गळती असो की किचनच्या ओट्याला गेलेला तडा, सेक्रेटरी आधी मला बोलावतात. मी त्यांना कितीदा सांगितलं, की मी खडकातून आवाज किती वेगाने जातो ते मोजते. त्यावरून आत पाणी भरलंय, वायू आहे की नुसतीच पोकळी, हे कळतं. ते मान डोलावतात आणि म्हणतात, “तेच तर! जरा भिंतीला कान लावून बघा ना.” मी चिडते आणि कान लावते.

आमची प्रयोगशाळा तळोज्याला. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या काळ्या खडकात कोंडून ठेवता येईल का, हा सध्याचा आमचा उद्योग. त्यात सगळी मदार होती एका तांबड्या थरावर. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबून दगड झालेली ती जुनी माती. ती घट्ट निघाली तर वायूवर झाकण बसलं, नाहीतर गाशा गुंडाळा. खोदकामात हा थर सगळा चुरा होऊन वर आला. धड निघाला एकच तुकडा, माझ्या अंगठ्याएवढा. त्याच्यासाठी मी तीन महिने थांबले होते. तो घेऊन येणारा टेम्पो न्हावा शेव्याच्या कंटेनरांमागे अडकला, तेव्हा वरात यायची असल्यासारख्या मी गेटवर येरझाऱ्या घालत होते.

प्रयोगशाळेत आमच्या मदतीला एक मामा आहेत. जवळच्याच आगरी गावातले. बापजाद्यांची मिठागरं होती, तिथे आता टॉवर उभे आहेत. मामांना एक खोड होती. मिठाच्या पाण्याची बाटली दिसली, की बोट बुडवून जिभेला लावायचं. “म्याडम, कालच्यापेक्षा कमी खारं हाय,” असं सांगायचे आणि मागाहून मीटरही निमूटपणे तेच सांगायचा. खरं तर चाखणं आमच्या धंद्यात नवं नाही. डोंगरात मी स्वतः दगड चाटते, चावूनही बघते. दाताखाली कचकच आली तर वाळू, लोण्यासारखं लागलं तर चिकणमाती. पण एकदा मामांचं बोट चुकून अॅसिडच्या बाटलीकडे निघालं आणि माझा जीव खाली-वर झाला. भीती वाटली की मला राग येतो. सगळ्यांसमोर मी त्यांना फैलावर घेतलं.

“मामा, यापुढे कशातही बोट घालायचं नाही. आणि पाणी कसं आहे ते मला सांगायचं नाही. त्याला मीटर आहेत.”

पहिलं वाक्य गरजेचं होतं. दुसरं नुसता फणकारा होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मामा “बरं म्याडम” म्हणाले आणि खरंच गप्प झाले.

तांबड्या तुकड्याचं काम नाजूक होतं. कोरडा असताना त्यातून आवाज सोडून मोजून झालं होतं. आता तो भिजवून पुन्हा मोजायचा. भिजवायचा मात्र खाऱ्या पाण्यातच, कारण गोडं पाणी लागलं की त्यातली चिकणमाती फुगते आणि दगड फुटतो. हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवते, फळ्यावर चित्र काढून.

टेबलावर दोन सारख्या बाटल्या होत्या. एकीत खारं पाणी, दुसरीत साधं शुद्ध पाणी. चिठ्ठ्या चिकटवायचा मला कंटाळा; माझ्या लक्षात राहतं, असा माझा समज. मी एक बाटली भांड्यात ओतली. मामांनी भांडं उचलून दिलं, तेव्हा थोडं त्यांच्या हातावर सांडलं. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली आणि माझ्याकडे बघितलं.

“काय?” मी विचारलं.

“काय नाय म्याडम.”

मी दगड पाण्यात ठेवला आणि ऐटीत चहाला गेले.

परत आले तर भांड्यात तांबडा गाळ. दगड नाहीच. मी बोट बुडवून जिभेला लावलं. अळणी!

“हाताला चिकट नाय लागलं,” मामा हळूच म्हणाले. “खारं पानी सुकलं की चामडी ओढते. पन तुमी सांगू नको म्हनालेल्या.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

वर साहेबांना कळवणं भाग होतं. नमुना मुळातच ठिसूळ होता म्हटलं असतं, तर कुणी शंकाही घेतली नसती. वाक्य जिभेवर तयार होतं. मामा शेजारीच उभे होते; भांडं त्यांनी अजून धुतलं नव्हतं. मी फोन लावला आणि सांगून टाकलं, की बाटली चुकली, मीच चुकले.

 साहेब म्हणाले, “अहो, पण तिथे लक्ष ठेवायला दुसरं कुणीच नव्हतं?”

“होतं ना,” मी म्हणाले. “त्यांचं तोंड मीच बंद केलं होतं.”