तीन वाट्यांची एक नोकरी

"तिले काऊन विचारून राह्यले? ते बोलतेच कुठी."

आत्या ओसरीवरून म्हणाली. मी आतल्या दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते, हे तिला ठाऊक नव्हतं. कोणी हसलं नाही. ती काही टोमणा मारत नव्हती, एक साधी माहिती सांगत होती. मी जरा थांबले, मग बाहेर जाऊन सगळ्यांना पाणी दिलं. पेला घेताना आत्याने माझ्या गालाला हात लावला. "केवढी सुकली माय," म्हणाली.

बाबा आणि मी त्या दिवशी सकाळीच ऊर्जानगरहून, चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून, मोटरसायकलवर माजरीकडच्या आमच्या गावी आलो होतो. मे महिना होता. माझी बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. गावचं शेत कोळशाच्या खाणीत जाणार हे दोन वर्षांपासून नक्की होतं. आता कागदांवर सह्या व्हायच्या होत्या, दुसऱ्याच दिवशी, भद्रावतीला.

आमच्याकडे खाणीला जमीन गेली की पैशाबरोबर नोकरी मिळते, पण त्यासाठी जमीन ठरावीक मापाची लागते. आजोबांच्या शेताचे तीन वाटे झाले होते: मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, माझ्या बाबांचा आणि आत्याचा. एकेकट्या वाट्यावर कोणालाच नोकरी बसत नव्हती. तिन्ही एकत्र केले तर एक बसत होती. एक नोकरी, आणि तिच्यावर घरातल्या कोणा एकाचं नाव. त्या भागात अशी कितीतरी घरं आहेत जिथे भाऊ-बहिणींनी वाटे जोडून एक नाव दिलं, आणि मग त्या एका नावावरून बोलणं बंद केलं.

बाबांना माझं नाव द्यायचं होतं.

"इंग्रजी शाळेत शिकली हाय," ते मोठ्या बाबांना सांगत होते. "तिले डंपरवर थोडी बसवतील, भाऊ? ऑफिसात बसवतील. पंख्याखाली."

"आन् लग्न झालं की?" आत्या म्हणाली. "नोकरी सासरी जाईन. आपली वावरं आपण दुसऱ्याच्या घरात देऊन राह्यलो का?"

"तू नाई गेली का सासरी? तुहा वाटा तर इथीच राह्यला."

"म्हणूनच बोलून राह्यली नं मी!"

यावर मात्र सगळे हसले. मोठे बाबाही हसले, पण त्यांनी मान वर केली नाही. त्यांचा मुलगा, माझा दादा, ओसरीच्या पायरीवर बसून चपलेचा तुटलेला पट्टा दाभणाने शिवत होता. तो खाणीत एका ठेकेदाराचा डंपर चालवतो. ठेका संपला की काम संपतं, नवा ठेकेदार आला की पुन्हा रांग. शेत तोच करायचा; सोयाबीन, कापूस, रात्रपाळीहून आल्यावर फवारणी. त्या नोकरीवर त्याचं नाव असावं असं तो एकदाही म्हणाला नाही. त्या ओसरीवर गप्प बसलेले आम्ही दोघंच होतो. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. माझ्या गप्प बसण्याला अर्थ असेल असं कोणाला वाटत नव्हतं.

माझ्या मनात काय होतं ते मी नीट सांगते, कारण तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी जमिनीच्या पहिल्या बैठकीला बाबांनी मला सोबत नेलं होतं, इंग्रजी कागद वाचून दाखवायला. तिथे मोठ्या बाबांनी एका अधिकाऱ्याला विचारलं होतं की कोळसा तर आजोबांच्या वेळीही खाली होताच, मग आत्ताच काऊन? तो माणूस चांगला होता, त्याने सरळ उत्तर दिलं. म्हणाला, पैसा उभा झाला की खाण उघडते. तो मुंबईत उभा होतो. मोठ्या बाबांनी मान हलवली. मला मात्र ते वाक्य सोडेना. पैसा उभा करणारी माणसं असतात, ते कोणाचं तरी रोजचं काम असतं, आणि त्यांनी आमचं गाव बघितलेलं नसतं. पुढे मी त्या कामाचं नाव शोधलं, इन्व्हेस्टमेंट बँकिंग. मला त्याचा राग यायला हवा होता, असं कधी कधी वाटतं. पण मला ते शिकावंसं वाटलं. एखाद्या कारखान्याची किंमत कशी ठरते, आज नसलेल्या वीजघराच्या उद्याच्या विजेवर कोणी पैसे का लावतं, हे मी फोनवर वाचत राहिले. आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, समोर वीजघराच्या चिमण्या दिसायच्या, आणि मला वाटायचं, ह्यांचाही कधीतरी कोणीतरी हिशोब मांडला असेल.

आमच्या मागच्या लाइनीतली एक ताई मुंबईत हेच काम करते. दिवाळीत ती आली तेव्हा मी तिच्याकडे गेले होते. वाघाच्या भीतीने कॉलनीत अंधार पडल्यावर पायी फिरू देत नाहीत, म्हणून तिनेच मला स्कूटरवर घरी सोडलं, आणि गेटपाशी गाडी चालू ठेवून बराच वेळ बोलली. म्हणाली, इंजिनिअरिंग आणि मग एमबीए हा नेहमीचा रस्ता, पण लांबचा. तुला गणित आवडतं तर पुण्याला अर्थशास्त्र घे, कॉलेज चांगलं बघ, तीन वर्षं फक्त वाच. मग तिने कॅडेटशिपचं सांगितलं. काही बँका बारावीनंतरच मुलं निवडतात. दिवसा त्यांच्याकडे काम, शनिवारी पदवीचे वर्ग, पगार चालू.

"पण तुला मागच्या खोलीत बसवतील," ती म्हणाली. "तक्ते भर, आकडे जुळव. व्यवहार ठरतात त्या टेबलापर्यंत यायला खूप वर्षं लागतात. काहीजण पोचतच नाहीत. पुण्याहून येशील तर सरळ त्या टेबलावर येण्याची आशा तरी आहे."

मी पुण्याच्या कॉलेजला आणि दोन बँकांना, दोन्हीकडे अर्ज केले. एका बँकेच्या ऑनलाइन गटचर्चेत आम्ही आठ-दहा जण होतो. सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते. मी बोलण्यात खंड पडायची वाट बघत राहिले, तो पडलाच नाही, आणि वेळ संपली. दुसऱ्या बँकेने लेखी परीक्षा घेतली आणि एका बाईंनी एकटीची मुलाखत घेतली. त्या प्रश्न विचारून थांबायच्या. तिथे माझी निवड झाली, नोकरी मुंबईला होती. होकार आम्ही गावी आलो त्याच आठवड्यात कळवायचा होता. मी कळवला नव्हता, कारण मला पुणं हवं होतं. ते अर्थशास्त्राचं वाचन, लायब्ररी, कोणी काही विचारत नाही अशी तीन वर्षं. बाबांना मी एवढंच म्हटलं होतं की मला बँकेत जायचं आहे. ते भद्रावतीच्या शाखेतल्या काउंटरचा विचार करून खूश झाले होते. मी त्यांना पुढे काही सांगितलं नव्हतं.

ओसरीवर आता मोठे बाबा बोलत होते. ते हळू बोलतात, म्हणून सगळे पुढे वाकले होते.

"पोरीले शिकाचं असन तं?"

"शिकू दे नं," बाबा म्हणाले. "नाव राहू द्या. नोकरीची ऑर्डर निघायले वर्षं लागतात, भाऊ. तवपर्यंत चंद्रपूरले शिको, पुण्याले शिको. ऑर्डर निघाली की रुजू."

म्हणजे मी पुण्याला गेले तरी माझं नाव तिथेच बसून राहणार होतं. तीन वर्षं, कदाचित जास्त. आणि दादा तितकी वर्षं डंपरच्या रांगेत.

"शिकणाऱ्याचं चालते," आत्या म्हणाली. "दुसरीकडे नोकरीवर असन तं नाव बसत नाई. माह्या जावेच्या पोराचं तसंच झालं. नागपूरले लागला आन् नाव कटलं."

हे तिने बाबांच्या बाजूने सांगितलं की विरुद्ध, तिलाही माहीत नसावं. तिने ते सांगितलं आणि पानाला चुना लावायला घेतला. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. शिकले तर नाव राहतं. कामाला लागले तर कटतं.

दादाने पट्टा ओढून पाहिला. तो पुन्हा निसटला.

"नवी काऊन नाई घेत?" बाबा त्याला म्हणाले.

"चालते अजून," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "आता आमच्या मॅडम ऑफिसात बसल्या की घेऊ. त्यायच्या ओळखीनं."

त्यात खोच नव्हती, हेच मला सहन होईना. त्याने मनातल्या मनात सोडून दिलं होतं. मी लहान असताना त्याने मला याच शेताच्या बांधावर सायकल शिकवली होती, मागे धावत, आणि हात सोडल्यावरही "धरून हाय, धरून हाय" म्हणत.

मला बोलायचं होतं. पण बाबा बोलत होते, मग आत्या, मग दोघं मिळून, आणि मी नेहमीप्रमाणे खंड पडायची वाट बघत होते. उद्या कोण किती वाजता निघणार, आधार कार्डं कोणाजवळ, इथपर्यंत गोष्ट आली. मोठ्या बाबांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"मंग पोरीचंच टाकाचं," ते म्हणाले.

तेवढ्यात खाणीचा सायरन झाला.

तिकडे दुपारी सुरुंग उडतात. सायरन झाला की गावात जो जिथे असेल तिथे गप्प होतो. कोणी सांगत नाही, तशी सवयच आहे. मोठ्या बाबांनी उठून भिंतीतल्या देवळीतली काचेची बाटली खाली जमिनीवर ठेवली. आत्याने पानाचा डबा मांडीत घेतला. बाबांचं वाक्य अर्धं राहिलं. स्फोट होऊन भिंती थरथरतात, पत्र्यावरून धूळ उतरते, मग लोक जिथून सोडलं तिथून बोलायला लागतात. मधली ती वेळ कोणाचीच नसते. जन्मापासून सुट्ट्यांमध्ये मी ती शांतता ऐकत आले होते. इतकी माणसं एकत्र आणि कोणीही बोलत नाही.

पुण्याची लायब्ररी मी फक्त फोटोत पाहिली होती. ती मला अजूनही त्या फोटोसारखीच आठवते, उंच खिडक्या, रिकाम्या खुर्च्या.

दादा पायरीवर तसाच बसून होता, दाभण हातात, मान खाली. स्फोट अजून झाला नव्हता. मी ट्रे खाली ठेवला. माझा आवाज इतका मोठा येईल असं मला वाटलं नव्हतं.

"बाबा, माह्यं नाव नका टाकू. दादाचं टाका. मले मुंबईले नोकरी लागली, मी जाऊन राह्यली."