उजवीकडची जागा

आमच्या शेजारच्या भाऊंकडे एक जुनी अमेरिकन गाडी आहे. एवढी लांब, की अर्धी फाटकाबाहेरच राहते. स्टिअरिंग डावीकडे, अन् त्याचंच त्यांना फार कौतुक. "काकू, पूजेला बायको उजवीकडेच बसते ना? मग! हे अमेरिकेला समजलं, आपल्याला नाही समजलं." गाडीत बसताना चपला काढून पिशवीत घ्यायच्या, हाही त्यांचाच नियम.

परवा शहराबाहेर, पनागरच्या दवाखान्यात त्यांच्या मेहुणीचं ऑपरेशन होतं. अकराच्या आत बहिणीला भेटायचं म्हणून बायको सकाळीच तयार होती. "ऑटोनं जाऊ ना," ती म्हणाली.

"घरी ही राणी असताना ऑटो काहून?" म्हणत भाऊ तासभर गाडीचा बंपरच पुसत राहिले. सोबतीला म्हणून मलाही मागे बसवलं.

बड्या फुहाऱ्याच्या चौकात राणीनं मान टाकली. गर्दी जमली. कोणीतरी विचारलं, "अंकलजी, कौन सा मॉडल है?" झालं! भाऊंनी बॉनेट उघडलं अन् व्याख्यान सुरू केलं.

"अहो, दहा वाजले," बायको म्हणाली.

"थांब ना, सांगून राहिलो त्यांना!"

तिनं पिशवीतून चपला काढल्या, माझा हात धरला अन् ऑटो थांबवला.

पोचलो तेव्हा बहिणीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. "ताई, कशानं आलीस?"

"गाडीनं."

"अन् भाऊजी?"

"बाहेर गाडी लावून राहिले," असं म्हणून तिनं बहिणीच्या कपाळावरचे केस मागे सारले.